नकल्याचा श्वास

काटा समपातळीत आहे की नाही हे पाहायला तो काउंटरखाली वाकला, आणि तसाच राहिला.

खाली कोणीतरी श्वास घेत होतं.

आधी एक जड, खरखरीत ओढ. मग क्षणभर काहीच नाही. मग शेवटाला बारीकशी शिट्टी, किटली उकळायच्या बेतात आली की वाजते तशी. पुन्हा ओढ… पुन्हा शिट्टी.

दुकान बियाण्यांचं होतं. भिंतभर लाकडी खण, प्रत्येक खणावर चिकटवलेली चिठ्ठी आणि सगळीकडे कोरड्या बियांचा वास. बाहेर बारीक बुरबुर चालली होती, आणि अशा हवेत बी घ्यायला कोण येणार? त्यामुळे दुकानात ती दोघंच होती. ती काउंटरच्या आत, बी तोलून पुड्या बांधणारी. आणि तो, वर्षातून एकदा येऊन काटे तपासून शिक्का मारणारा. निदान ती दोघंच आहेत असं तो आतापर्यंत धरून चालला होता.

"इथे… कोणी झोपलंय का?" त्याने खालूनच विचारलं.

"नाही. ते बाबा आहेत," ती पुडीला दोरा गुंडाळत म्हणाली.

तो उठला, आणि उठताना त्याचं डोकं फळीवर दाणकन आपटलं. "तुमचे बाबा? काउंटरखाली?"

"नाही हो. बाबा जाऊन चार महिने झाले."

आपण काय बोललो हे तिला त्याचा चेहरा पाहून कळलं. त्याच्या हातातल्या चिमट्यात पितळी वजन होतं, ते हवेतच थांबलं होतं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिने घाईघाईने वाकून काउंटरखालचा पिंजरा वर घेतला आणि त्यावरची जुनी चादर बाजूला केली.

आत एक पोपट होता. हिरवा, लांब शेपटीचा, गळ्याभोवती गुलाबी कंठ फुटलेला. अंग फुगवून, डोळे अर्धवट मिटून तो दांडीवर बसला होता, आणि ती खरखर त्याच्या छातीतून येत होती.

"हा नकल्या. बाबांनीच नाव ठेवलं. दाराची घंटा, कुलूप, वरच्या काकूंचं शिंकणं, ऐकेल ते तो करतो. बाबा रोज तिन्हीसांजेला पलंगावरून मला विचारायचे, 'दार लावलंस का?' तर हाही विचारायचा. हुबेहूब. बाबा गेल्यावरही विचारत होता. पहिल्या दिवशी माझ्या हातातली कपबशी पडली."

"आणि आता?"

"तीन आठवडे झाले, बोलणं बंद आहे. फक्त हे. बाबांचा शेवटच्या दिवसांतला श्वास." तिचा आवाज मऊ झाला. "अगदी तसाच… शेवटची ती शिट्टीसुद्धा. काकू घाबरल्या. म्हणाल्या, तू दुकानात असतेस, मग खाली दुपारभर घोरतं कोण? दोन दिवस त्या जिन्यावरून उतरल्याच नाहीत. म्हणून इथे घेऊन आले."

त्याने चिमट्यातलं वजन खाली ठेवलं. कमी बोलणाराच दिसत होता. ज्याचं उभं आयुष्य काटा स्थिर व्हायची वाट पाहण्यात गेलं, त्याला घाई नसते. पिंजऱ्यासमोर कोपर टेकवून तो बघत बसला, आणि ती त्याच्याकडे बघत बसली. त्याच्या पापण्यांवर पावसाचे बारीक थेंब होते. तो ते पुसत नव्हता.

"शेपटी बघा," तो हळूच म्हणाला. "दर श्वासाला खालीवर होतेय. हातपंपासारखी."

"मग?"

"नक्कल करणारा मधे थांबतो. आपण बघतोय का ते बघतो. हा एकदाही थांबलेला नाही." तो घुटमळला. "मला पक्ष्यांतलं काही कळत नाही… पण हा नक्कल करत नसावा."

तिला एकदम राग आला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. "तुम्हाला काय माहीत, माझे बाबा कसा श्वास घ्यायचे?"

"नाही माहीत," तो म्हणाला. "पण याचं वजन करून बघायला काय हरकत आहे? मला तेवढंच येतं."

वजन! ती वळली. खणांच्या बाजूला, चुन्याच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेलं होतं: 'नकल्या – १२४ ग्रॅम'. मागच्या वर्षी बाबा त्याला खांद्यावर घेऊन आले होते, तेव्हा दुकानाच्या मालकांनी गंमत म्हणून त्याला तागडीत बसवलं होतं. बाबा पोट धरधरून हसले होते, आणि हसता हसता त्यांना खोकला आला होता.

बुटाच्या रिकाम्या खोक्यात तिने नकल्याला ठेवलं. एरवी बोट फोडलं असतं त्याने. आज मुकाट्याने बसला. राहिलेली तपासणी उरकून त्याने काट्यावर शिक्का मारला, मग खोक्याचं वजन वजा करून आकडा वाचला. "एकशे पाच."

"तुमचा काटा चुकला असेल."

"माझा?" त्याने पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. "बाई, आत्ताच शिक्का मारलाय मी याच्यावर."

ती हसली. आणि हसताहसताच तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

---

पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाई तोंडाने फटकळ होत्या. "तीन आठवडे? आणि आज आणताय?"

"मला वाटलं, तो… नक्कल करतोय."

"पक्षी आजारपण लपवतात. अशक्त दिसलं की इतर पक्षी टोचतात, शिकारी हेरतो. म्हणून अगदी कोसळेपर्यंत ते उसनं अवसान आणतात. आवाज बदलणं, बोलणं बंद होणं, दिवसाढवळ्या फुगून बसणं, शेपटी हलणं, ही सगळी त्याची बोंबच होती." त्यांनी नकल्याच्या छातीचं हाड तिला बोटाने चाचपायला लावलं. पिसांखाली ते सुरीच्या पात्यासारखं लागत होतं. "पिसं फसवतात. वजन फसवत नाही. रोज सकाळी, दाणा घालायच्या आधी, एकाच वेळी तोलायचं. फुप्फुसात बुरशी दिसतेय. घरात ओल आहे का?"

"नाही," ती ठामपणे म्हणाली.

"नीट बघा. आणि पिंजरा हवेशीर, उबदार जागी हलवा. हे यंत्र औषधाचं धुकं करतं, दिवसातून दोनदा ते द्यायचं. एकही वेळ चुकवायची नाही."

तो बाहेर बाकावर बसून होता. कामावर का गेला नाहीत असं तिने विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही. उठताना त्याने पिशवीतून एक छोटा काटा काढून तिच्या हातात ठेवला. "कचेरीचा नाही. माझा स्वतःचा आहे. रोज आकडा… म्हणजे… मला कळवाल?"

तिने फोनमध्ये त्याचा नंबर 'काटा' या नावाने ठेवला.

रोज सकाळी सात वाजता फोन वाजायचा. 'हॅलो' नाही, काही नाही.

"किती?"

"एकशे पाच."

"आणि तुम्ही?"

"माझं वजन विचारताय?"

"नाही! म्हणजे… कशा आहात, असं."

"तसं नीट विचारावं माणसाने," ती म्हणायची, आणि फोन ठेवल्यावरही थोडा वेळ हातातच धरून बसायची.

घरी आल्यावर पिंजऱ्याची जागा मात्र तिने बदलली नव्हती. बाबांच्या खोलीची नकल्याला सवय आहे, असं तिने स्वतःला समजावलं होतं. बाबा घरीच पुस्तकांची बांधणी करायचे. त्या खोलीत अजून खळीचा आणि जुन्या कागदांचा वास होता, पलंगावर त्यांची उशी होती, आणि भिंतीला टेकून त्यांचं भलंमोठं कपाट होतं. ती स्वतःही आता तिथेच निजायची.

सहाव्या दिवशी तिन्हीसांजेला तो श्वास थांबला.

ती स्वयंपाकघरात होती. हातातलं भांडं तसंच टाकून ती धावली. नकल्या जिवंत होता. एक पाय पोटाशी घेऊन, पाठीत चोच खुपसून छान झोपला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, एका पायावर झोपला की समजा, बरं वाटतंय. तिला आनंद व्हायला हवा होता. पण खोली इतकी शांत झाली होती की तिला तिथे उभं राहवेना. पलंग नुसता पलंग झाला होता. उशी नुसती उशी.

बाबा दुसऱ्यांदा गेले होते, आणि या वेळी तिनेच त्यांना घालवलं होतं.

सातव्या दिवशी सकाळी तिने यंत्र काढलं, पुसलं आणि परत ठेवून दिलं. संध्याकाळीही तेच. आठव्या दिवशीही.

आणि आठव्या दिवशी दिवेलागणीला, पिंजऱ्यातून हळूच… ओढ. शिट्टी.

"आलात?" ती म्हणाली. दिवा न लावता ती जमिनीवर बसली आणि पलंगाच्या कडेवर डोकं ठेवून ऐकत राहिली.

---

"किती?"

ती पिंजऱ्याकडे बघत राहिली.

"ऐकू येतंय ना? किती?"

"एकशे दोन."

"परवा एकशे सात होतं."

"हो."

"संध्याकाळी येतो," तो म्हणाला. कशा आहात, हे त्याने त्या दिवशी विचारलं नाही.

तो आला तेव्हा काकू त्याच्या मागोमाग जिना उतरल्या, पण उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर बसल्या. "मी इथे बरी. आत यायची माझी छाती नाही. तुमचं चालू द्या."

बाबांच्या खोलीत उजेड मावळत होता. तो खुर्चीवर टेकला. ती पलंगाला पाठ लावून खाली बसली, आणि तो विचारायच्या आधीच म्हणाली, "औषध दिलं नाही मी. दोन दिवस."

त्याने खुर्ची थोडी पुढे ओढली.

"ते दिलं की बाबा जातात. रागवा. बोला काहीतरी."

"कसं रागवू?" तो म्हणाला. "माझी आई गेली तेव्हा तिच्या चष्म्यावरची धूळ मी वर्षभर पुसली नाही. तिचं बोट उमटलं होतं त्यावर." मग पिंजऱ्याकडे वळून, "मी ऐकू का थोडं? तुमच्या बाबांना?"

तिने मान हलवली.

त्याने डोळे मिटले. काटा थरथरायचा थांबावा म्हणून तो जसा थांबे, तसाच तो थांबला. खोलीत ओढ होती, शिट्टी होती. बाहेर काकूंच्या बांगड्याही वाजेनाशा झाल्या. मग त्याच्या कपाळावर एक आठी पडली.

"दोन आहेत," तो म्हणाला.

"काय दोन?"

"श्वास. एक पिंजऱ्यातून येतोय. आणि दुसरा…"

त्याने डोळे उघडले. तो पिंजऱ्याकडे पाहत नव्हता, तिच्या दिशेने पाहत होता. तिला वाटलं, तिच्या मागे. तिच्या मानेवर काटा उभा राहिला. ती हळूहळू वळली. रिकामा पलंग. उशी. कपाट. अंधार.

"कुठे?" ती पुटपुटली.

"एक करा," तो फार हळू म्हणाला. "क्षणभर… श्वास रोखून धरा."

तिने रोखला.

खोलीत एकच श्वास उरला. पिंजऱ्यातला.

तिने सोडला. आणि तिने स्वतःच्या कानांनी ऐकली, तिच्या स्वतःच्या छातीतून आलेली ती खरखरीत ओढ. आणि शेवटाला, बारीकशी, ओळखीची शिट्टी.

मग ती उठली, कपाटाच्या एका कडेला हात घातला आणि म्हणाली, "हे हलवायचंय. आत्ता." दोघांनी मिळून ढकललं. कित्येक वर्षांत जागचं न हललेलं ते कपाट फरशीवर किंचाळत सरकलं.

मागची भिंत काळी होती. नुसती डागाळलेली नाही, काळीभोर आणि लवदार. डाग पलंगाच्या उंचीवर सुरू होऊन वर माणसाच्या खांद्यांएवढा रुंद झाला होता. कोणीतरी वर्षानुवर्षं तिथे पाठ टेकून बसावं आणि आत्ताच उठून जावं, तसा. पायथ्याशी बाबांचे जुन्या पुस्तकांचे गठ्ठे ओलीने फुगले होते. त्यांच्यावरही तीच काळी लव.

काकू उंबऱ्यातून डोकावल्या. "अगं बाई! आणि मी भुताला घाबरत होते!"

ती त्या भिंतीकडे पाहत राहिली. इतके दिवस तिला वाटत होतं, बाबा इथेच आहेत, श्वास घेतायत. इथे बाबा नव्हते. बाबांना ज्याने नेलं, ते होतं. आणि ते अजून भुकेलेलं होतं.

"तो नक्कल करतच नव्हता," ती म्हणाली. "तो सांगत होता."

त्याने पिंजरा उचलला, दुसऱ्या हाताने तिचा हात धरला आणि दोघांनाही बाहेर आणलं. पायरीवर आल्यावर त्याला स्वतःच्या हाताची आठवण झाली, आणि त्याने तो चटका बसल्यासारखा सोडला.

"एवढंही नको हो," काकू म्हणाल्या. "मी आभाळाकडे बघत बसलेय."

---

"तुमच्या वडिलांचं मी सांगू शकत नाही, मी पक्ष्यांची डॉक्टर," डॉक्टरीणबाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. "पण तुम्ही माणसांच्या डॉक्टरकडे आज जा. उद्या नाही."

ती गेली. वेळेत आलात, असं तिथे म्हणाले. मग दोन महिने ती काकूंकडे राहिली. पिंजरा काकूंच्या पूर्वेच्या खिडकीत टांगला गेला. नकल्याला यंत्राचं धुकं सकाळ-संध्याकाळ मिळे, तिला तिच्या गोळ्या. एकही वेळ चुकली नाही. खाली भिंत खरवडून निघाली, गठ्ठे जाळले, चुना लागला, कपाटामागे बुजलेली खिडकी पुन्हा उघडली. तिथे खिडकी होती हे ती विसरूनच गेली होती.

"किती?"

"एकशे दहा."

"किती?"

"एकशे चौदा. आज माझं बोट फोडलं."

"वा! अभिनंदन!"

"माझं बोट फुटलंय आणि तुम्ही अभिनंदन करताय?"

"त्याचं करतोय. तुम्ही… बोट पाण्याखाली धरा."

श्वास दोघांचाही निवळत गेला. रात्री कान लावून ऐकलं तरी काही ऐकू येत नसे, आणि तिला आता त्याची भीती वाटत नसे. घर राहण्याजोगं झालं तशी ती खाली परतली. आकडा चढत एकशे अठरावर आला, आणि तिथेच थांबला.

एकशे अठरा. एकशे अठरा. सलग नऊ दिवस.

दहाव्या दिवशी संध्याकाळी तो लाकडी पेटी घेऊन दारात उभा. "काट्यात बिघाड आहे. तपासायला आलोय."

"आता? कपडे तरी वाळवा. भिजलाय पार."

"आधी काटा."

टेबलावर त्याने पेटी उघडली. निळ्या मखमलीत पितळी वजनं ओळीने निजली होती. तो ती चिमट्यानेच उचलायचा. बोट लागलं की घाम लागतो, आणि तेवढ्यानेही वजन बदलतं, असं त्याने एकदा फोनवर सांगितलं होतं. पन्नास, शंभर, पाच. काटा दर वेळी बरोबर. त्याने नकल्याला खोक्यात घेतलं. नकल्याने त्याचा अंगठा फोडला.

"एकशे पंचवीस," नकल्याला पिंजऱ्यात सोडून तो अंगठा चोखत म्हणाला. "काटा बरोबर आहे. पोपटही बरोबर आहे. मग खोटं कोण बोलतंय?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. "एकशे चोवीस झालं असतं, तर तुम्ही फोन कशाला केला असता?"

बाहेर पागोळ्या गळत होत्या. तो चिमटा पुसत राहिला, आणि तिला वाटलं, चुकलंच आपलं.

"बियाण्यांच्या दुकानाची तपासणी वर्षातून एकदा असते," तो पेटीकडे पाहत म्हणाला. "मी दोन महिन्यांत पाच वेळा आलोय. तुमच्या मालकांना वाटतंय, मी त्यांच्यावर खटला भरणार."

"म्हणून ते तुम्हाला पाहिलं की मागच्या दाराने पळतात?"

"म्हणूनच मी येतो ना. ते पळतात म्हणून."

तिला हसू आवरेना. तोही हसला. मग त्याने पेटीतून पाच ग्रॅमचं वजन उचललं. चिमट्याने नाही, बोटांनी. तिचा तळवा उलगडून त्याने ते त्यात ठेवलं आणि तिची मूठ आपल्या हाताने मिटली.

"हे काय केलंत? आता हे चुकीचं झालं."

"कायमचं," तो म्हणाला. "आता हे कुठे वापरता येणार नाही. तुमच्याकडेच ठेवा."

त्याने पेटी मिटली. अंधारून आलं होतं. तो दारापाशी गेला, कडीवर हात ठेवला… आणि ना बाहेर पडला, ना परतला. उंबऱ्यात तसाच उभा राहिला. तिला त्याला थांबवायचं होतं.

"दार लावलंस का?"

दोघंही जागच्या जागी थिजली.

तोच आवाज. थोडा दमलेला, थोडा काळजीचा. तीन महिन्यांनी.

तिचे डोळे भरून आले. पण या वेळी तिच्या हातून काही पडलं नाही. मुठीतलं वजन घट्ट धरून ती खोलीच्या दिशेने म्हणाली, "नाही, बाबा. उघडंच आहे."

आणि दाराकडे वळून, आयुष्यात पहिल्यांदा त्याला एकेरीत बोलावत ती म्हणाली, "आत ये ना. बाहेर काय उभा राहिलास?"

तो आत आला. दार मग दोघांनी मिळून लावलं.

नकल्या बोलायला लागला, याचा आनंद त्यांनी त्या दिवशी खूप केला. काकूंना हाक मारून सांगितलं. डॉक्टरीणबाईंना फोन केला. फक्त एक गोष्ट त्या दोघांनी कोणालाच सांगितली नाही, आणि पुढे इतकी वर्षं एकत्र काढून एकमेकांनाही कधी विचारली नाही. तो आवाज आला, तेव्हा दोघांनीही पिंजऱ्याकडेच पाहिलं होतं. नकल्या एका पायावर उभा होता, चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली, गाढ झोपेत. आणि त्याचा श्वास इतका स्वच्छ होता की अजिबात ऐकू येत नव्हता.